घरावरील कर्जाचा हप्ता

घर पाहावें बांधून, असें जुनें लोक म्हणत. पण त्यांचा तो ताप चारदोन वर्षांत आटोपे. आतां तो वीस वर्षें पुरतो. त्यांतून कर्ज ही गोष्ट आपल्या कुटुंबांत अजून दाराआड बोलण्याची समजतात, आणि आमच्या मतें निम्मी हानि त्यामुळेंच होते.

आमच्या धाकट्या बंधूंनीं २०२१ च्या अखेरीस पुण्यांत सदनिका घेतली. कर्ज ४० लाख, व्याज ७ टक्के परंतु बदलतें, मुदत वीस वर्षें, हप्ता ३१,०१२ रुपये. पुढें मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवधींत रिझर्व्ह बँकेनें रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहांवर नेला व बंधूंचें व्याज साडेनऊ झालें. हप्ता मात्र तोच राहिला, म्हणून घरांत कोणास शंकाहि आली नाहीं. वस्तुतः मुद्दल सुमारें ३९ लाख उरलें होतें आणि त्यावर महिन्याचें व्याजच ३०,८७५ रुपये! म्हणजे एकतीस हजार भरून मुद्दलांतून फिटावयाचे ते अवघे १३७. बँकेनें न विचारतां मुदत लांबवीत नेली होती. हें उमगलें तेव्हां मातोश्रींनीं कांहीं न बोलतां हातांतल्या पाटल्या देवापुढें काढून ठेवल्या, आणि "दादा, घर विकून मोकळा होतों," असें बंधु म्हणूं लागले.

आम्हीं दोहोंसहि हरकत घेतली. आधीं हिशेब पाहावा, पाटल्यांचें मग. सावकाराच्या वहींत काय आहे हें कुळास ठाऊक नसे, म्हणून तर १८७५ त सुप्यास शेतकऱ्यांनीं खतें जाळलीं. खतामागचा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस १८७९ च्या कायद्यानें मिळाला. आजच्या ऋणकोस इतकें करावें लागत नाहीं. व्याज बदलतांना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी, कीं दोन्ही थोडें थोडें, हें निवडण्याची मुभा ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानें ऋणकोस दिली; मुदतवाढीनें मुद्दल उलट फुगूं नये असेंहि बजावलें.

दुसऱ्या बँकेंत कर्ज नेणें हा मार्ग आहेच. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांस २०१२ पासून घेतां येत नाहीं. परंतु नव्या बँकेची फी, वकील, मूल्यांकन, मुद्रांक हा खर्च वाचणाऱ्या व्याजाशीं ताडून पाहावा लागतो. बंधूंनीं दुसरीकडचा दर लेखी आणून तो स्वतःच्याच बँकेपुढें ठेवला. अर्धा टक्का उतरला. हप्ता त्यांनीं आपण होऊन ३६,००० केला, वाढीव रकमेचा कांहीं भार घरच्या सामाईक खर्चांतून उचलण्याचें ठरलें, आणि कर्ज पावणेएकोणीस वर्षांत फिटेल असा हिशेब जुळला.

नोकरीच गेली असेल त्यास हें पुरणार नाहीं, हें आम्ही जाणतों. अशानें मुदतवाढीचा किंवा हप्ता तूर्त कमी करण्याचा अर्ज पहिला हप्ता चुकण्यापूर्वींच द्यावा. नव्वद दिवसांहून अधिक थकलें कीं कर्ज बुडीताच्या वाटेवरचें ठरतें, आणि मग २००२ च्या सरफेसी कायद्याखालीं साठ दिवसांची नोटीस येऊं शकते. हप्ते पुढें ढकलून मिळाले तरी व्याज थांबत नाहीं. २०२० च्या मार्च ते ऑगस्टच्या सवलतींतहि तें चालूच होतें.