चोविसाव्या अंशावर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने स्फटिकांवर लेखणी चालवावी, याचे गुरुजनांना नवल वाटेल. परंतु ज्या स्फटिकाने माझ्या नि अण्णांच्या मधला अबोला संपवला, त्याचे ऋण या पानावर फेडावे म्हणतो.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाले. पुढे शिकण्याची फार हौस. पण वडील गेले आणि त्यांना मैंदर्गीच्या दुकानात बसावे लागले. आपले राहिले ते धाकट्याने पुरे करावे, ही त्यांची आशा. बारावी सायन्सनंतर मी मराठी घेऊन बी. ए. ला नाव घातले, तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. घरात अज्जीच कानडीतून इकडचे निरोप तिकडे पोचवी.

डिसेंबरच्या सुट्टीत गावी गेलो. पहाटे माडीवर दिवा दिसला म्हणून वर गेलो, तर अण्णा रोशेल सॉल्टचा स्फटिक ओल्या दोऱ्याने कापीत होते. करवतीने तो तडकतो. ओला दोरा त्याला विरघळवीत अलगद सरकतो. हे मीठ चिंचेत असते त्या टार्टारिक आम्लाचे. सतराव्या शतकात फ्रान्समधील ला रोशेल गावी सेन्येत नावाच्या औषध बनवणाऱ्याने ते प्रथम तयार केले, तेही जुलाबाचे औषध म्हणून! पुढे 1920 साली अमेरिकेत जोसेफ व्हॅलासेक यांनी त्याचा निराळाच गुण ओळखला. त्यातले धन नि ऋण भार आपोआप एका दिशेला सरकून राहतात, आणि बाहेरून वीज लावून ती दिशा उलटवता येते. लोखंडाचा अंश नसताना, केवळ लोहचुंबकाशी असलेल्या साम्यावरून अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात.

अण्णांनी चकती ओल्या फडक्यावर घासून गुळगुळीत केली, जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन आडव्या-उभ्या पोलरॉइडांच्या मध्ये ठेवली आणि म्हणाले, "बघ."

कितीतरी महिन्यांनी ऐकलेला तो शब्द! मी डोळा लावला. पाण्यासारख्या नितळ त्या चकतीत पट्टे होते, एक काळा, एक उजळ. चकती किंचित फिरवली, तर काळे उजळले आणि उजळ काळवंडले. शेजारच्या पट्ट्यांतले भार परस्परांविरुद्ध दिशांना सरकलेले; त्यामुळे एकातून प्रकाश अडतो, त्याच वेळी दुसऱ्यातून थोडा निसटतो.

अण्णांनी खालच्या काचेला बोट टेकवले. त्या उबेने पट्टे फिकटत, पुसट होत शेवटी नाहीसे झाले.

"चोवीस अंश," अण्णा म्हणाले. "त्याच्या वर सगळं एकसारखं. उणे अठराच्या खालीही तसंच. मधल्या पट्टीतच काय ते दोन दिशा." मग ते रंगात येऊन सांगू लागले. बंगलोरला 1940 साली रामन आणि नेडुंगडी यांनी तापत्या क्वार्ट्झमधून विखुरलेला प्रकाश तपासला, तेव्हा अवस्थांतर जवळ येईल तशी त्यातली एक रेषा मूळ प्रकाशाच्या रेषेकडे सरकत गेली. रचना बदलण्याआधी स्फटिकाचे एक कंपन मंदावते, त्याची ती खूण. फेरोइलेक्ट्रिकांचे कोडेही पुढे याच विचाराने उलगडत गेले.

बोट काढल्यावर पट्टे परतले, पण पूर्वीच्या जागी नव्हे.

"थंडीत आपल्या गावी हा रोज सीमा ओलांडतो," अण्णा म्हणाले. "पहाटे अलीकडे, दुपारी पलीकडे."

मी धीर करून विचारले, "अण्णा, एकाच स्फटिकात दोन दिशा. याला दोष म्हणायचा का?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग दोरा गुंडाळत म्हणाले, "नाही. मीठ तेच असतं." थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता: "तुमच्या मराठीच्या पुस्तकात असलं काही असतं का रे?"

खालून अज्जीची हाक आली, "एनप्पा, माताडतिद्दीरा?" म्हणजे, काय रे, बोलताय का दोघे?

दुपारपर्यंत माडी तापली आणि चकती कोरी झाली. आम्ही मात्र अजून बोलतच होतो.