वीस वर्षांचा वायदा

मुदत टळलेला वायदा करणाऱ्याविषयी लोक दोन मते बांधतात: एक तर तो लबाड असावा, किंवा अंगावर घेतलेले काम त्यास वाटले त्याहून अवघड असावे. नारायण पेठेतील आमच्या घरात अशा एका वायद्याची चर्चा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

१९५५ च्या ऑगस्टात जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी परिषद भरली. अध्यक्ष होते मुंबईचे डॉ. होमी भाभा. हायड्रोजनचे अणुगर्भ एकजीव होऊन सूर्याच्या पोटी जी ऊर्जा प्रकटते, ती ताब्यात ठेवून मिळविण्याचा मार्ग माणसास वीस वर्षांच्या आत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. आमचे वडील तेव्हा सतरा वर्षांचे होते. वर्तमानपत्रातील ती हकीकत वाचून त्यांनी गणित घेतले आणि पुढे जन्मभर शाळेत तेच शिकविले. १९६६ साली भाभा विमान-अपघातात गेले. १९७५ साल आले आणि गेले. वायदा पुढे पुढे सरकत राहिला. आम्ही पडलो इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. अण्णांच्या या श्रद्धेची थट्टा आम्ही पुष्कळ केली.

म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरची वार्ता आली, तेव्हा ती अण्णांस सांगण्याची घाई आम्हांसच झाली. ते अंथरुणास खिळलेले होते. मोदी गणपतीची आरती आटोपल्यावर आम्ही त्यांच्या उशाशी बसून सांगितले, की ५ तारखेस लेसरचे १९२ झोत एका चिमुकल्या सोन्याच्या नळीत सोडले. नळीच्या भिंतींतून क्ष-किरण निघाले. त्यांनी मिरीच्या दाण्याएवढ्या गोळीचे वरचे कवच उडविले आणि त्या धक्क्याने आतील जड हायड्रोजन चेपला जाऊन पेटला. लेसरने २०.५ लक्ष जूल घातले, ३१.५ लक्ष निघाले.

अण्णांचे डोळे चमकले. पण पंतोजीच ते! "आणि लेसर पेटवायला तारेतून किती घेतले?" त्यांनी विचारले.

तो आकडा आम्हांस ठाऊक होता. सदुसष्ट वर्षे वाट पाहणाऱ्याचा आनंद एका आकड्यापायी का मोडावा, असे क्षणभर मनात आले. पण हिशेबात त्यांस आम्ही कधी फसवू शकलो नव्हतो. "सुमारे ३० कोटी जूल," आम्ही म्हणालो.

त्यांनी विजेचे बिल मागितले आणि त्याच्या पाठीवर कापऱ्या हाताने त्रैराशिक मांडले. ३६ लक्ष जुलांचे एक युनिट. म्हणजे घेतली सुमारे ८३ युनिटे आणि परत आले पुरते एकही नाही.

"दोन बादल्या आंघोळीचे पाणी तापेल, एवढेच," आम्ही वरमून म्हणालो.

"अरे, पण ते सूर्याच्या चुलीवर तापले! आणि तारेतला आकडा त्यांनी आपण होऊन सांगितला ना? मग वायदा बुडीत नव्हे. चाचरलास तो तू."

पुढल्या पावसाळ्यात अण्णा गेले. एप्रिल २०२५ मध्ये तेथेच ८६ लक्ष जूल निघाल्याचे वाचले, तेव्हा आम्ही ते बिल कपाटातून काढले. नवा आकडा अण्णांच्या अक्षराखाली लिहिला. आणि तारेतून घेतलेल्या विजेचा रकाना, अजून त्याहून कितीतरी मोठा असला, तरी शेजारी आखून ठेवला.