सोडवता न येणारे जोड

लेगोच्या ठोकळ्याचा सगळा मोठेपणा एका गोष्टीत आहे. तो घट्ट बसतो आणि हवा तेव्हा सुटतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने वरचे गोल उंचवटे आणि आतल्या नळ्या यांच्या जोडणीच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर नीट बसतो. म्हणून हा छंद चुका पोटात घालतो. जहाज मनासारखं झालं नाही, तर मोडा आणि पुन्हा रचा.

चाच्यांचे सेट जमवताना आणि त्यांत माझे बदल करताना मी बऱ्याच चुका केल्या. ज्या चुका सोडवता आल्या त्यांचं आज काहीच वाटत नाही. ज्या सोडवता आल्या नाहीत त्या इथे लिहितो आहे, कारण या छंदात नव्याने येणारे नेमकं तेच करताना मला दिसतात.

चाच्यांची मालिका आली १९८९ साली. त्याआधी लेगोच्या प्रत्येक माणसाचा चेहरा एकच होता, दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक हसू. या मालिकेने पहिल्यांदा दाढी, मिशा आणि एका डोळ्यावरची पट्टी आणली, हाताच्या जागी आकडा आणि पायाच्या जागी लाकडी खुंट आणला. खांद्यावर पोपट, झाडावर माकड, पाण्यात शार्क. ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’ हे चाच्यांचं मोठं जहाज, त्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी शिडं. समोर ‘एल्डोराडो फोर्ट्रेस’ हा निळ्या डगलेवाल्या शिपायांचा किल्ला. १९९२ साली लाल डगलेवाले आले आणि १९९३ साली ‘स्कल्स आय स्कूनर’. माझ्या लहानपणी यातलं काहीही आमच्या घरी नव्हतं. एका परदेशी सूचिपत्रात मी ते बघत बसायचो. कमावता झाल्यावर जमवायला लागलो ते त्या सूचिपत्रातली पानं डोळ्यांसमोर ठेवूनच.

पहिली चूक घाईची. जुन्या बॅराकुडाचा ‘पूर्ण’ म्हणून विकायला ठेवलेला संच मी शिडांचे आणि दोरशिड्यांचे जवळून काढलेले फोटो न मागता घेतला. ठोकळे जवळपास सगळे होते. शिडांच्या कडा मात्र उसवल्या होत्या आणि एका शिडाचं भोक फाटून दोरी अडकवायची जागाच उरली नव्हती. अशा संचातले ठोकळे कधीही मिळतात, ते इतर सेटमध्येही असतात. कापड, दोरशिडी आणि जहाजाच्या तळाचे मोठे एकसंध भाग मिळणं अवघड असतं आणि संचाची बरीचशी किंमत त्यांतच असते. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

त्याच संचातल्या तोफेचं मी जे केलं ते जास्त लागलं. युरोपात विकल्या गेलेल्या तोफांमध्ये स्प्रिंग असते, मागचा भाग ओढून सोडला की छोटा गोल ठोकळा उडतो. अमेरिकेत विकलेल्या तोफा उडत नाहीत, त्या तशाच बनवलेल्या आहेत. मला हे माहीत नव्हतं. माझी तोफ उडेना. मी समजलो आत काहीतरी अडकलंय. बारीक स्क्रूड्रायव्हर जोडाच्या फटीत घालून पिळला आणि तोफेच्या कडेला पांढरी रेघ उठली. प्लास्टिक ताणलं गेलं की अशी रेघ उठते आणि ती जात नाही. पुढच्या क्षणी नळी दुभंगली. आत अडकलेलं काहीच नव्हतं. तीस वर्षं टिकलेली, धडधाकट तोफ मी दुरुस्त करायला घेऊन मोडली.

यानंतर उन्हाची चूक. एल्डोराडो किल्ला मी बैठकीच्या खिडकीत मांडला. येणारे-जाणारे बघत, मलाही समाधान वाटे. दुपारनंतरचं ऊन थेट त्यावर पडायचं. पांढऱ्या भिंती पिवळट व्हायला लागल्या आणि कोनाड्यात झाकले गेलेले ठोकळे मात्र पांढरेच राहिले. म्हणजे किल्ला उतरवल्यावर कुठला ठोकळा कुठे होता याचा नकाशाच त्यांच्या अंगावर उमटला होता. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उजेडात ठेवले की पांढरेपणा परत येतो. मी ते केलं आणि बरेच उजळलेही. पण काही काळाने पिवळेपणा पुन्हा डोकावू लागला. झालेलं झालं. आता माझे सगळे सेट उन्हापासून लांब, बंद कपाटात आहेत.

रंगांची चूक मला फार उशिरा कळली. लेगोने २००४ च्या सुमारास आपला राखाडी आणि तपकिरी रंग बदलला. जुना राखाडी किंचित पिवळसर, नवा निळसर. चाच्यांच्या बेटाच्या एका जुन्या सेटच्या खडकात कमी पडलेले तुकडे मी नव्या राखाडीने भरले. रात्री दिव्याखाली ते एकसारखे दिसले. सकाळी ठिगळं लावल्यासारखे वेगळे उठून दिसले. ही चूक सुटली, कारण ठोकळे सुटतात. पण नव्या तपकिरीत दुसरा धोका होता. काही वर्षांच्या उत्पादनातले लालसर तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघतात, हे जमवणाऱ्यांत सर्वांना ठाऊक आहे. ते माहीत असूनही मी अशा तुकड्यांवर जहाजाचा कठडा उभा केला. डागडुजी करताना एक प्लेट उचकटली आणि तिचे कोपरे खालच्याच ठोकळ्यात अडकून राहिले. ते काढताना खालचाही गेला.

बदल करण्याच्या हौसेत मी माणसं बिघडवली. एका शिपायाच्या छातीवरची छपाई मला पुसायची होती, त्याला कोळी खलाशी करायचं होतं. नखांचं पॉलिश काढायचा द्रव कापसाला लावून घासला. त्यात ॲसिटोन असतं आणि लेगोचे ठोकळे ज्या एबीएस प्लास्टिकचे असतात ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. छपाई गेली, पण तिच्याबरोबर छातीचा गुळगुळीतपणाही गेला. बोट चिकटलं त्या जागी बोटाचा ठसा राहिला. पितळ चमकवायच्या पॉलिशने हळूहळू घासलं असतं तर फक्त छपाई निघाली असती. वेळ लागला असता, इतकंच.

दुसऱ्या एका कप्तानाच्या खांद्यावर पोपट हलतो म्हणून तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवला. पोपट बसला. रात्रभरात गोंदाच्या वाफेची पांढरी धूसर साय त्याच्या चेहऱ्यावर आणि काळ्या टोपीवर पसरली. ती पुसली तरी प्लास्टिकला पूर्वीची चकाकी आली नाही. हातांची अदलाबदल करण्यासाठी मी बाह्या ओढून काढायचो. काही दिवसांनी काखेपासून खाली केसासारखी बारीक भेग दिसायची. ती भेग पुढे वाढतच जाते. जुन्या माणसांच्या छात्या अशाच फुटतात आणि मी ती फूट माझ्या हाताने लवकर आणली.

या चुका प्लास्टिकच्या. यापुढची त्याहून मोठी आहे.

आमच्या सोसायटीत दिवाळीला मुलं किल्ला करतात. एका वर्षी मी सुचवलं की या वेळी जलदुर्ग करू या, अलिबागचा कुलाबा. माती मुलांची, जहाजं माझी. निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीचा समुद्र केला. एका बाजूला लाल डगलेवाले शिपाई भरलेली इंग्रजांची जहाजं. दुसऱ्या बाजूला कान्होजी आंग्र्यांचं आरमार म्हणून माझी चाच्यांची जहाजं, होती तशीच. काळं निशाण, त्यावर कवटी आणि हाडं, डेकवर आकडेवाले, एका डोळ्याचे खलाशी. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी अभिमानाने सांगत होतो, ‘हे आपले मराठी चाचे.’

तळमजल्यावरच्या आजींचं माहेर अलिबागचं. त्या काठी टेकत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आंग्र्यांच्या गलबतावर ही कवटी कशाला लावलीस रे?’

‘आजी, सेटमध्ये असंच येतं.’

‘सेट करणाऱ्यांना काय ठाऊक? तुला ठाऊक हवं होतं. सरखेल होते ते. आमच्या गावात समाधी आहे त्यांची.’

मला ठाऊक होतं, हीच अडचण. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते, शाहू महाराजांनी मान्य केलेले. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीजही आपला परवाना घ्यायला लावत, त्यासाठी त्यांना सहसा चाचे म्हटलं जात नाही. मुंबईच्या इंग्रजांना कान्होजींचा हा अधिकार मान्य नव्हता, म्हणून त्यांच्या कागदांत कान्होजी चाचे ठरले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले, तरी त्यांना तो घेता आला नाही. आज मुंबईत भारतीय नौदलाचं ‘आयएनएस आंग्रे’ हे ठाणं त्यांच्याच नावाचं आहे. हे सगळं वाचलेलं असूनही, खोक्यात आलेली गोष्ट मी आमच्या किनाऱ्यावर जशीच्या तशी मांडली. लाल डगलेवाले म्हणजे राज्य आणि समोरचे म्हणजे लुटारू, ही मांडणी कॅरिबियन समुद्रातल्या कथांची होती. तिथे ती शोभते. कुलाब्याला ती खोटी आहे.

मी त्याच संध्याकाळी निशाणं उतरवली. पण दिवाळीनंतर एका मुलाची आई त्याची शाळेची वही घेऊन आली. निबंधात त्याने लिहिलं होतं, ‘कान्होजी आंग्रे हे मराठ्यांचे प्रसिद्ध समुद्री चाचे होते.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. मुलगा म्हणाला, ‘काकांनी सांगितलं होतं.’ मी त्याला घेऊन बसलो, सगळं नीट सांगितलं, त्याच्या मित्रांनाही सांगितलं. तो किल्ला बघून गेलेल्या बाकीच्यांना मात्र मी काही सांगू शकलो नाही. ठोकळे सुटे करता येतात, मुलाच्या मनात बसवलेली गोष्ट तशी सुटत नाही. ॲसिटोनने बिघडलेल्या शिपायाचं मला वाईट वाटतं, या गोष्टीची मला लाज वाटते.

पुढच्या वर्षी मी मराठा आरमारातली गुराब आणि गलबत ही जहाजं नव्याने रचली. तेव्हा कळलं की आमच्या जहाजांना तयार सेटचा सांगाडा चालतच नाही. युरोपीय जहाजाची नाळ गोल आणि उंच असते, लेगोचे तळाचे तुकडेही तसेच. गुराबीचा पुढचा भाग निमुळता होत लांब, बुटका आणि पुढे झुकलेला असे. त्यावरून तोफा समोरच्या दिशेने डागता येत. तिची रुंदी लांबीच्या मानाने जास्त, तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब सुमारे तीनशे टनांची. गलबत लहान, वल्ह्यांवर चालणारं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, मुख्य डोलकाठीवर एकच मोठं तिकोनी शीड. वारा पडला की गलबतं गुराबींना ओढून नेत. नाळेचा तयार तुकडा बाजूला ठेवून ती निमुळती चोच मी चपट्या प्लेटा एकावर एक सरकवून बांधली. ती बराच काळ खाली वाकायची. शेवटी आतून लांब पट्टी घातली तेव्हा तोल सांभाळला गेला. गोंदाचा एक थेंबही न वापरता. शिडासाठी जुन्या धोतराचं कापड कापलं, कारण मूळ शिडांना मी आता कात्री लावत नाही. निशाण भगवं. खलाशांना आकडे नाहीत, डोळ्यावर पट्ट्या नाहीत. डोक्याला मुंडासं मिळालं नाही, ते कापडाच्या चिंधीचं केलं आणि दोऱ्याने बांधलं. दोरा सोडला की माणूस पूर्वीसारखा.

चाच्यांचे सेट मला आजही तितकेच आवडतात. २०२० साली एका चाहत्याच्या कल्पनेवरून आलेला ‘पायरेट्स ऑफ बॅराकुडा बे’, २५४५ तुकड्यांचा, फुटलेल्या जहाजाचं बेट आहे आणि त्याच तुकड्यांतून ते जहाज पुन्हा उभं राहतं. २०२३ साली एल्डोराडो किल्लाही नव्या रूपात, २५०९ तुकड्यांत आला. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. त्यामुळे इथे हे सेट महागच आहेत. महाग वस्तू घाईने घेतली जाते आणि घाईने बिघडवलीही जाते.

म्हणून या छंदात येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. जुना संच घेण्याआधी कापडाचा, दोरशिड्यांचा आणि तळाचा फोटो मागा. तोफ उडत नसेल तर आधी ती उडणारी आहे का ते विचारा. ऊन, ॲसिटोन आणि गोंद या तिघांना ठोकळ्यांजवळ येऊ देऊ नका. आणि आपल्या किनाऱ्याचा इतिहास या ठोकळ्यांत मांडणार असाल, मुलं तो बघणार असतील, तर आधी वाचा, कोणाला तरी विचारा आणि मगच निशाण लावा.