फोनोची नवी जोडणी

घरांतील कित्येक वस्तूंचें भवितव्य त्यांच्या गुणांवर ठरत नाहीं, जागेवर ठरतें. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. आमची मुलुंड पूर्वेची इमारत पुनर्विकासासाठीं रिकामी करावयाची असें ठरलें, आणि दोन बिऱ्हाडांचा एकत्र संसार तीन वर्षें भाड्याच्या लहान जागेंत कसा मावावा, ह्याच्या याद्या होऊं लागल्या. पितळी भांडीं, पाट, शिसवी कपाट ह्यांचे निकाल लवकर लागले. घोडें अडलें तें वडिलांच्या तबकड्यांपाशीं. चार लांकडी खोक्यांत मिळून ऐंशींवर तबकड्या. त्यांत निम्म्याहून अधिक जुन्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या. किल्लीचा ग्रामोफोन वडिलांच्या हयातींतच मोडीत गेला होता, मागून घेतलेलें विजेचें यंत्रही बंद पडलें होतें. त्यामुळें वीस वर्षांत ह्यांतली एकही तबकडी वाजली नव्हती.

आमचे वडील बंधु हिशेबी गृहस्थ. "वाजल्या तर नेऊं, न वाजल्या तर घेणाऱ्याला देऊं," असें सांगून त्यांनीं एक महिन्याची मुदत घातली. आत्याबाईंचें वय आज ८८. त्या ह्यावर अक्षरही बोलल्या नाहींत. परंतु त्या दिवसापासून दुपारीं त्या खोक्यांजवळ आसन घालून बसूं लागल्या, हें घरांतील सर्वांच्या ध्यानांत आलें.

गेस्बर्ग नांवाचा साहेब १९०२ सालीं कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरवून गेला, तेव्हांपासून आपल्याकडे ह्या धंद्याची सुरुवात. तबकडी बनविण्यास लाख लागत असे. बांगड्यांची लाख तीच ही. आणि ती आपल्याच देशांतून जगभर जात असे. आमच्या खोक्यांत बालगंधर्व होते, हिराबाई बडोदेकर होत्या, अब्दुल करीमखांसाहेब होते. खांसाहेब १९३७ सालीं वारले, म्हणजे आत्याबाईंनीं त्यांस ऐकलें तें केवळ ह्याच वाटेनें. ज्या घरांतील मुलींस जलशाला जाण्याची मुभा नव्हती, त्या घरांत हीं काळीं वर्तुळें काय होतीं, हें त्या पिढीच्या स्त्रियांसच विचारावें.

पुतण्यानें नवी फिरती तबकडी, म्हणजे टर्नटेबल, आणि पॉवर्ड स्पीकरांची जोडी आणली. हे स्पीकर सोयीचे खरे. आवाज वाढविणारें यंत्र त्यांच्या पोटांतच असल्यामुळें निराळा ॲम्प्लिफायर नको. तांबडी व पांढरी तार खोंवली कीं झालें, असें विक्रेत्यानें छातीठोक सांगितलें होतें. तार खोंवली, सुई टेंकली, आणि आवाज आला तो शेजारच्या बिऱ्हाडांत कोणी नाकांत गावें तसा!

ह्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. सुई चरींतून जाते तेव्हां तिच्या दुसऱ्या टोंकाचें चिमुकलें लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळ हालतें, आणि त्यामुळें जी वीज उत्पन्न होते ती तीन ते पांच मिलिव्होल्टच भरते. स्पीकरांस अपेक्षित असते ती ह्याच्या शंभरपट किंवा त्याहून अधिक. तेव्हां दोहोंच्या मध्यें एक लहान डबी लागते. तिला फोनो प्री-ॲम्प म्हणतात. तिचें काम आवाज वाढविण्यापुरतेंच नाहीं. तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर मुद्दाम कमी करतात; तसेच कोरले तर चर इतकी नागमोडी होईल कीं तबकडींत गाणें मावणार नाहीं. तार स्वर मुद्दाम चढवितात, म्हणजे पृष्ठभागाची खरखर त्यांच्याखालीं दबावी. वाजवितांना हें सगळें उलटें करावें लागतें. ह्याचें प्रमाण पूर्वीं कंपनीगणिक निराळें असे. १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघानें एक प्रमाण ठरविलें, तें पुढें सर्वत्र रूढ झालें. डबी नसली म्हणजे भाजीस मीठ कमी पडलें इतकेंच होत नाहीं, फोडणीच राहून जाते. कांहीं टर्नटेबलांच्या पोटांत ही डबी आधींच असते, आणि मागें 'फोनो' व 'लाइन' अशी कळ असते. तेथें दुसरी डबी जोडूं नये, आवाज फाटतो. आमच्या यंत्रास अशी कळ नव्हती. ती कशी असते हें पुतण्यानें चित्रांत दाखविलें, तेव्हां आत्याबाईंस फार गंमत वाटली. "फोनो म्हणजे आमचाच कीं रे तो!" त्यांच्या लहानपणीं ग्रामोफोनाला फोनोच म्हणत.

डबी आली, पण तिच्याबरोबर भुंग्यासारखा अखंड गुंजारव आला. तो विजेच्या ५० आवर्तनांचा. टर्नटेबलाच्या मागें तांबड्या-पांढऱ्या तारांजवळ एक बारीक तार लोंबते, ती डबीच्या स्क्रूला आंवळतांच भुंगा गेला. यंत्र आणि स्पीकर एकाच कपाटावर होते, त्यामुळें आवाज चढविला कीं स्पीकराचा कंप सुईपर्यंत पोंचून घुमारा उठे. म्हणून यंत्र भिंतींतल्या कडप्प्याच्या फळीवर नेलें. राहिली सुई. लांब चालणाऱ्या तबकड्या अमेरिकेंत १९४८ सालीं निघाल्या, त्यांची चर सूक्ष्म. जुन्या तबकडीस सुमारें चौपट जाड टोंकाची सुई हवी. बारीक सुई तिच्या चरीच्या तळाशीं नुसती लोळते. ही दुसरी सुई मागवावी लागली, आणि ती हातीं आली तेव्हां मुदतीचे चारच दिवस उरले होते. टर्नटेबल घेतांना त्यास ७८ ची गति आहे ना, हें ज्यांच्या घरीं जुना संग्रह आहे त्यांनीं आधीं पाहावें. पुष्कळांस ती नसते.

रविवारीं सकाळीं बालगंधर्वांचें एक नाट्यपद लावलें. घर गोळा झालें. पुतण्याचा चेहरा उतरला. "काका, केवढी खरखर आहे ही! हेंच गाणें मोबाइलवर स्वच्छ मिळतें. आत्याआजीला तेंच ऐकवूं या." त्याचें म्हणणें वावगें नव्हतें. आम्हांसही ती खरखर लाह्या फुटाव्या तशी ऐकूं येत होती, आणि बंधूंच्या हातांत यादी होती.

आत्याबाईंनीं मान वर केली. "कसली खरखर? मला तर नाहीं बाई ऐकूं येत. गाणं कसं लख्ख आहे. आणि हा डग्गा इतका कधीं वाजायचा नाहीं आपल्या फोनोवर."

वय झालें म्हणजे कानांतून प्रथम जातात ते अत्यंत उंच स्वर, आणि तबकडीची खरखर बहुतांशीं त्याच प्रांतांतली. डग्ग्याचेंही खरेंच होतें. किल्लीच्या यंत्राच्या कर्ण्यांतून तो खर्ज कधीं पुरता बाहेर पडलाच नसेल.

तीन मिनिटांत पद संपलें. बंधूंनीं चष्मा लावून यादी उघडली, 'तबकड्या' ह्या शब्दापुढील प्रश्नचिन्ह खोडलें, आणि तेथें लिहिलें: 'बरोबर. खोकीं उभींच न्यावीं, एकावर एक रचूं नयेत.' मग शिसवी कपाटाच्या जागेचें माप पुन्हां घ्यावें लागलें, आणि त्यावरून घरांत जो वाद झाला तो अद्याप मिटलेला नाहीं.