इसेचा किनारा : तीन दिवसांचा बेत

जपान पाहून आलेली मंडळी बहुधा मियाजिमाचे छायाचित्र दाखवितात. भरतीच्या पाण्यात उभे असलेले ते तांबडे देवद्वार आता आपल्याकडील मुलांसही ठाऊक झाले आहे. स्थळ खचित रम्य असेल. परंतु आम्ही जाण्याचे योजिले आहे ते मिए प्रांताच्या किनाऱ्यावरील इसे येथे. धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त नागोया शहरी असतात. त्यांनी तीन दिवसांत मियाजिमा, क्योतो व इसे अशी त्रिस्थळी आखून पाठविली होती. आमच्या आजोबांना काशी-प्रयाग-गयेच्या त्रिस्थळीस तीन महिने लागले होते! मी पहिली दोन नावे खोडली. बरोबर सौभाग्यवती व थोरल्या वहिनी आहेत. वहिनींचे वय ७४, गुडघे कुरकुरणारे. दादांच्या पश्चात त्या प्रथमच दूरच्या प्रवासास निघत आहेत, आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे ही शेवटची यात्रा आहे. ती धावपळीत दवडणे मनास पटेना.

नागोयाहून किंतेत्सु आगगाडीने दीड तासाच्या आत इसे गाठता येते. इसे म्हणजे एक देऊळ नव्हे. लहानमोठी १२५ देवस्थाने मिळून ते क्षेत्र होते. त्यांत प्रमुख दोन : गेकू, म्हणजे बाहेरचे, आणि नाइकू, म्हणजे आतले. दोहोंमध्ये सुमारे ५ किलोमीटरांचे अंतर असून मोटारगाडी सतत चालू असते. परिपाठ असा की, आधी गेकूचे दर्शन घ्यावे. तेथील देवता तोयोउके ही अन्नाची अधिष्ठात्री. आपल्या अन्नपूर्णेची आठवण व्हावी अशी. नाइकूमधील सूर्यदेवता आमातेरासु हिच्यासाठी येथे रोज सकाळ-सायंकाळ नैवेद्य सिद्ध होतो, आणि परंपरा सांगते की हा क्रम सुमारे दीड हजार वर्षे चालू आहे. तांदूळ देवस्थानच्या स्वतःच्या शेतातील, मीठ जवळच्या फुतामी गावी केलेले. आणि अग्नी काडेपेटीचा नव्हे, लाकडावर लाकूड फिरवून पाडलेला. अग्निमंथन ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे वाचून काय वाटेल, ते मी निराळे सांगावयास नको. मात्र नैवेद्यात मासळी असते, हे घरातील वडीलधाऱ्यांस आधीच सांगून ठेवलेले बरे.

नाइकूत शिरताना इसुझु नदीवरील शंभर मीटरांहून थोडा लांब असा लाकडी पूल ओलांडावा लागतो. गेकूत वाटेच्या डाव्या अंगाने चालावयाचे, नाइकूत उजव्या. वाट खडीची व शेवटी दगडी पायऱ्या, म्हणून वहिनींसाठी जाड तळाचे जोडे घेतले आहेत आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठेवलेले नाही. पायऱ्या चढून गेल्यावर दिसतो तो एक शुभ्र पडदा. त्यापलीकडे कुंपणे, आणि कुंपणांवरून डोकावणारे गवती छप्पर. पवित्र आरसा आत असतो. तो यात्रेकरूस दिसत नाही. पायऱ्यांपासून पुढे छायाचित्रही घेऊ देत नाहीत.

हे ऐकल्यावर वहिनींनी विचारले, “भाऊजी, देव दिसायचाच नाही, तर विमानाचे एवढे भाडे कशाला?”

प्रश्न रास्त होता. मी त्यांस देवळाचीच गोष्ट सांगितली. हे मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नवे बांधतात आणि देवता रात्रीच्या वेळी तेथे नेतात. पहिले नूतनीकरण इ. स. ६९० मध्ये, महाराणी जितो हिच्या कारकिर्दीत झाले. २०१३ मध्ये झाले ते बासष्टावे. पुढचे २०३३ मध्ये व्हावयाचे असून त्याचे विधी २०२५ पासूनच सुरू झाले आहेत. मध्यंतरी यादवी युद्धांच्या काळात शंभराहून अधिक वर्षे खंड पडला होता. एका खेपेस हिनोकी जातीचे सुमारे दहा हजार वृक्ष लागतात. त्यासाठी १९२३ पासून देवस्थानच्या अरण्यात दोनशे वर्षांचा हिशेब धरून लागवड चालू आहे. जुन्या गाभाऱ्याचे दोन मोठे खांब वीस वर्षांनी त्याच पुलाच्या टोकांशी देवद्वार होऊन उभे राहतात, व आणखी वीस वर्षांनी दुसऱ्या गावी जातात. पुरीच्या नवकलेवराची आठवण वहिनींना लगेच झाली. मला मात्र घनपाठ आठवला. वेद पोथीत बंद करून राखलेले नाहीत, शिष्याच्या मुखात पुन्हा पुन्हा उभे करून राखले. इसेच्या सुतारांनी घराचे तेच केले आहे. वीस वर्षांपूर्वी हाताखाली असलेला उमेदवार पुढच्या खेपेस कारागीर असतो, त्यापुढच्या खेपेस शिकविणारा. वहिनींनी पिशवी भरावयास घेतली.

एक भाषेची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. इसेच्या जुन्या संप्रदायात अशुभ व बौद्ध शब्दांस पर्यायी शब्द योजीत. मरणास ‘बरे होणे’, आजारास ‘विश्रांती’, रक्तास ‘घाम’. आणि मुंडन केलेल्या भिक्षूस चक्क ‘लांब केसांचा’! दिवा ‘वाढविणाऱ्या’ आणि निघताना ‘येतो’ म्हणणाऱ्या आपल्या घरांस ह्यात परके असे काय आहे? मात्र तेथील ‘तोरी’ पाहून आपल्या तोरणाशी नाते ठरवून टाकू नये; विद्वानांत त्याविषयी एकमत नाही.

खरा खल झाला तो तिथीचा. फुतामीच्या समुद्रात पती-पत्नी म्हणविणारे दोन खडक आहेत. एक सुमारे ९ मीटर उंच, दुसरा ४. दोहोंस गवताच्या जाड दोराने जोडले असून वर्षातून तीनदा तो बदलतात. जून महिन्यात सूर्य त्यांच्यामधून उगवतो, परंतु ते दिवस तिकडील पावसाळ्याचे. उन्हाळी सूर्य ज्या दिशेस उगवतो, साधारण त्याच दिशेस हिवाळ्यातील पूर्ण चंद्र उगवतो, हे शाळेत मी पुष्कळदा शिकविले आहे. सबब त्रिपुरी पौर्णिमा नक्की केली. कृत्तिकांजवळचा तो चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास खडकांमधून वर येईल. वहिनींस काठावरील बाकावरून तो पाहता येईल. पायऱ्या नाहीत, खडी नाही. दादा असताना त्या दिवशी आम्ही सारे नदीकाठी दीप सोडण्यास जात असू.

जेवणाचे थोडे कठीण आहे. तेथील रश्श्यात, इसेच्या प्रसिद्ध जाड शेवयांवरील काळ्या रसातसुद्धा, मासळीचा अर्क असतो. मेतकूट, भाजणी व लोणचे बरोबर घेतले आहे; भात तेथे उत्तम मिळतो. ‘आकाफुकु’ नावाची मिठाई मात्र निर्धास्त खावी. तांदळाच्या मऊ गोळ्यावर तांबड्या घेवड्याचे गोड पुरण. १७०७ पासून चालत आलेला हा पदार्थ. पुरणावरील बोटांच्या रेघा म्हणजे इसुझुचे पाणी, असे म्हणतात.

तिसऱ्या दिवशी तोबा. तेथे मिकिमोतो ह्यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात प्रथम मोती पिकविले, आणि श्वास रोखून समुद्रतळाशी बुडी मारणाऱ्या स्त्रिया अजूनही तेथे पाहावयास मिळतात. त्यांतील पुष्कळशा साठी ओलांडलेल्या आहेत, हे कळल्यापासून वहिनी गुडघ्यांविषयी बोलेनाशा झाल्या आहेत. दुपारची गाडी नागोयास परत आणील. संध्याकाळचे जेवण सूनबाईंकडे.