धोडप आणि शिवलिंग

नाशिक,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हिमालयातील तपोवनातून पाहिलेल्या शिवलिंग शिखराचे तुझे वर्णन वाचून फार संतोष झाला. मात्र 'आपला धोडपही हिमनदीनेच तासला असेल का?' हा जो प्रश्न तू पत्राच्या शेवटी सहज टाकला आहेस, त्याने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही. दोन्ही माथे पिंडीच्या आकाराचे, तेव्हा तुझी नजर चुकली असे मी म्हणणार नाही. परंतु महसुली दप्तरात ज्याची हयात गेली त्याला ठाऊक असते, की दोन शेतांचे बांध सारखे दिसले म्हणून त्यांची वहिवाट एकाच कुळाची ठरत नाही.

६५४३ मीटर उंचीच्या त्या शिवलिंगाभोवती, डोंगराच्या कुशीतील खळग्यांत वर्षानुवर्षे हिम साचते, आपल्याच भाराने दबून त्याचे बर्फ होते आणि ते उताराने सरकू लागते; वितळलेले पाणी कातळाच्या भेगांत शिरून गोठताना आकारमानाने सुमारे नऊ टक्के वाढते आणि पाचरीसारखे खडक फोडते; फुटलेले धोंडे बर्फाला चिकटून त्याच्याबरोबर चालतात व जाता जाता तळ खरवडतात. त्या खळग्याची मागची भिंत अशी उभी होत, मागे हटत जाऊन आरामखुर्चीसारखे हिमगव्हर तयार होते. एकाच पर्वताला तीन-चार बाजूंनी अशी गव्हरे पोखरू लागली, की त्यांच्या भिंती पाठीला पाठ लावून भेटतात, मधल्या धारा सुरीसारख्या पातळ होतात, आणि मध्यावर उरते ते गिरिशृंग. आल्प्समधील मॅटरहॉर्न हा त्याचा जगन्मान्य दाखला. चहूबाजूंनी जप्ती होत असता अखेर शिल्लक राहिलेली ही मिळकत होय.

धोडप ज्या रांगेत उभा आहे त्या सातमाळ्याची कैफियत निराळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरून हा मुलूख घडला, आणि त्यावर अंमल चालला तो पावसाचा. एका अंगाने गिरणेला, दुसऱ्या अंगाने गोदावरीला मिळणाऱ्या ओढ्यांनी मऊ, सच्छिद्र थर धुऊन नेले, वरच्या कठीण थराचा आधार गेला, तो उभ्या सांध्यांवर तुटून कोसळला, म्हणून आपले कडे मागे हटले तरी उभेच राहिले. धोडपची ती खाच पडलेली लांब भिंत तर जमिनीतील उभ्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची. आजूबाजूचा खडक झिजला, ती टिकली. कडाक्याच्या थंडीत निफाडला द्राक्षबागांवर दव गोठते, एवढाच काय तो बर्फाचा आणि आपल्या जिल्ह्याचा परिचय!

तथापि महाराष्ट्राच्या भूमीवरून हिमनदी कधी गेलीच नाही, असे मात्र समजू नकोस. चंद्रपूरजवळ पैनगंगेकाठी इरई येथे प्राचीन हिमोढाच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या गोट्यांखाली चुनखडकाची फरशी आहे, आणि तिच्यावर बर्फाने ओढत नेलेल्या दगडांचे समांतर ओरखडे उमटले आहेत. तो दस्तऐवज सुमारे ३० कोटी वर्षांचा. त्या वेळी सह्याद्रीचा एकही थर पडला नव्हता. मी ती फरशी अद्याप पाहिली नाही, ही हुरहूर मनात आहे.

नाताळच्या सुटीत अवश्य ये. हट्टी गावातून पहाटे निघू. खाचेपाशी बसून ते काळ्या कातळाचे थर मी तुला एकेक दाखवीन, आणि तपोवनाच्या वाटेवरील धोंड्यांवर इरईसारखे ओरखडे तुला दिसले का, ते तू मला सांग.

तुझा,
मामा