घरची इस्त्री

ह्या वार्षिकांत विद्वत्तापूर्ण लेख पुष्कळ येतात. त्या मानानें आमचा विषय अगदींच घरगुती आहे. सदऱ्यास घरीं इस्त्री कशी करावी, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. गणवेश रोज इस्त्रीवाल्याकडे देण्याची ऐपत सर्वांचीच नसते. आणि ज्यांची असते, त्यांच्या मुलांसही हें काम आलें तर त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आम्ही तें एका सदऱ्याचा नाश करून शिकलों. ती हकीकत पुढें येईलच.

आमच्या लहानपणीं घरांत इस्त्री नव्हती. जड बुडाचा एक पितळी तांब्या होता. चुलींतले रसरशीत निखारे त्यांत घालून, गळ्याशीं जाड फडकें गुंडाळून आई तो कपड्यांवरून फिरवीत असे. तांब्याचें बूड पडलें वाटोळें! त्यामुळें बाह्या आणि पाठ बरी निघे. पण कॉलरीचीं टोकें कांहीं केल्या बसत नसत. तें काम गादीकडे सोंपविलेलें असे. दमट सदऱ्याची घडी करून ती रात्रीं गादीखालीं सरकवावयाची व तिच्यावर निजावयाचें. झोपेंत आम्हीं फार वळवळ केली असेल, तर सकाळीं सदऱ्यावर तिचा दाखला उमटलेला असे.

‘इस्त्री’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला असें कोशकार मानतात. मूळ शब्दाचा अर्थ ताणणें असा आहे, आणि तो आम्हांस फार समर्पक वाटतो. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, इस्त्रीचें सगळें सामर्थ्य तिच्या उष्णतेंत आहे. तसें नाहीं. कापसाचा तंतु सेल्युलोज नांवाच्या द्रव्याच्या लांबच लांब सांखळ्यांचा बनलेला असतो, व ह्या सांखळ्या एकमेकींस नाजूक बंधांनीं धरून असतात. धुतांना पाणी आंत शिरतें, ते बंध सुटतात, आणि कापड चुरगळलेल्या स्थितींत वाळलें म्हणजे तेच बंध त्या स्थितींत पुन्हां जुळतात. हीच सुरकुती. ती घालवावयाची तर ते बंध पुन्हां सोडविले पाहिजेत. तें काम पाण्याचें व उष्णतेचें. कापड सपाट धरणें हें भाराचें काम, आणि तें सपाट असतांनाच पाण्याची वाफ होऊन निघून गेली म्हणजे घडी पक्की बसते. कोरड्या सदऱ्यावर कितीही जोर केला तरी हात तेवढे दुखतात, ह्याचें कारण हेंच होय.

तेव्हां पहिली गोष्ट ओलीची. सदरा पुरता वाळण्यापूर्वींच दोरीवरून काढावा. वाळलाच असेल तर हातानें पाणी शिंपडून त्याची घट्ट वळकटी करावी व पंधरा-वीस मिनिटें तशीच ठेवावी, म्हणजे ओल सर्वत्र सारखी पसरते. ह्या पंधरा मिनिटांचा बहुतेकांस कंटाळा असतो, आम्हांसही होता. खळ द्यावयाची असल्यास भाताची पेज फडक्यांतून गाळून, पाण्यांत पातळ करून द्यावी. दाट खळ इस्त्रीच्या बुडास चिकटते, करपते आणि पांढऱ्या सदऱ्यावर पिवळे डाग पाडते. मेजावर जुनी गोधडी, तिच्यावर स्वच्छ सुती कापड, एवढी बैठक पुरे.

आरंभ कॉलरीपासून करावा. आधीं तिची आंतली बाजू घ्यावी, मग बाहेरची; आणि इस्त्री टोंकांकडून मध्याकडे न्यावी. मध्याकडून टोंकांकडे नेली तर कापड पुढें लोटलें जातें आणि नेमकी टोंकावर, म्हणजे सर्वांच्या डोळ्यांसमोर, चुणी पडते. त्यानंतर खांद्यांवरील दुहेरी पट्टी, मग कफ, मग बाह्या. बाहीचें काम जरा अवघड. ती दुहेरी असल्यामुळें वरची बाजू साधली तर खालची बिघडते. ह्याच अडचणीवर अमेरिकेंत सॅरा बून नांवाच्या बाईनें अरुंद व वांकदार फळी योजून १८९२ सालीं तिचें पेटंट मिळविलें. ही बाई गुलामगिरींत जन्मली होती, हें आमच्या विद्यार्थिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. ती फळी घरीं नसेल तर पंचाची गुंडाळी करून बाहींत सरकवावी, काम भागतें. शेवटीं पाठ आणि पुढचे दोन भाग. बटणांवरून इस्त्री कधींही नेऊं नये. बटणपट्टी उलटी करून मऊ कापडावर मागच्या बाजूनें दाबावी. गडद रंगाचा सदरा उलटा करूनच घ्यावा, नाहींतर शिवणींवर चकाकी येते. काम होतांच सदरा अंगांत घालण्याची घाई करूं नये. गरम कापड सुरकुती चटकन् घेतें. पांच मिनिटें तें टांगून निवूं द्यावें.

आतां उष्णतेविषयीं, म्हणजेच आमच्या अपराधाविषयीं.

विजेच्या इस्त्रीचें पहिलें पेटंट न्यू यॉर्कच्या हेन्री सीली ह्यांनीं १८८२ सालीं घेतलें. आमच्या आळींत मात्र ती १९७४ सालीं आली, आणि तीही शेजारच्या मामींच्या घरीं. आम्ही तेव्हां इयत्ता सातवींत होतों. हस्ताक्षराबद्दल आम्हांस बक्षीस मिळावयाचें होतें व समारंभास वडील येणार होते. ते छापखान्यांत खिळे जुळवीत. बोटांची शाई रविवारीं देखील पुरती जात नसे. मामाच्या लग्नांत शिवलेला टेरिकॉटचा पांढरा सदरा हा त्यांचा एकुलता एक भारी कपडा. आई आजीच्या आजारपणामुळें माहेरीं गेलेली. आम्हीं मोठ्या ऐटींत मामींची इस्त्री मागून आणली.

आमची चूक कोठें झाली हें आज आम्हांस स्वच्छ दिसतें. आम्हांस सवय निखाऱ्यांची होती. निखारे आरंभीं फार तापलेले असतात व पुढें पुढें निवत जातात. म्हणून सावधपणा पहिल्या क्षणास ठेवावयाचा, मग निर्धास्त राहावयाचें. मामींची इस्त्री जुन्या तऱ्हेची होती. हल्लींच्या इस्त्र्यांत ठराविक उष्णता आली कीं वीज आपोआप तुटते, तशी सोय तींत नव्हती. ती तापतच जाई. आम्हीं आरंभीं पाण्याचा थेंब टाकून पाहिला, कॉलर केली, कफ केले, बाह्या केल्या. सर्व कसें आरशासारखें! मग निर्धास्तपणें पाठ घेतली. टेरिकॉटमध्यें सुताबरोबर पॉलिएस्टर असतें, आणि सूत जी आंच सोसतें ती पॉलिएस्टरला सोसत नाहीं. पाठीच्या मधोमध पंजाएवढें कापड आक्रसलें, कडक झालें आणि इस्त्री उचलतांच तिच्या बुडाबरोबर निघून आलें.

हल्लीं सदऱ्याच्या आंतल्या चिठ्ठीवर इस्त्रीचें चित्र व त्यांत ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे ११० अंश सेल्सियसपर्यंत, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० पर्यंत. वाचकांनीं ती चिठ्ठी अगोदर पाहावी. आमच्या वेळीं चिठ्ठी नव्हती, हें आम्ही सबब म्हणून सांगत नाहीं.

वडील कामावरून आले. सदरा त्यांनीं दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केला. त्या भोंकांतून त्यांचा चेहरा आम्हांस दिसला, आणि आम्हांस रडूं कोसळलें. ते कांहींच बोलले नाहींत. थोड्या वेळानें मामींच्या घरीं गेले व मामांचा काळा कोट मागून घेऊन आले. समारंभांत सदऱ्याची पुढची बाजू आणि कॉलर तेवढी दिसत होती. कोट खांद्यांत तंग असल्यामुळें ते दोन तास ताठ बसून होते. आमच्या वर्गमित्रांस त्यांचा फार दरारा वाटला. आमचें नांव पुकारलें तेव्हां त्यांनीं टाळ्या वाजविल्या, पण हात फारसे वर न नेतां.

रात्रीं कोट काढून ठेवतांना ते एवढेंच म्हणाले, “उद्यांपासून माझे सदरे तूंच कर.” आम्हांस वाटलें, ऐकण्यांत कांहीं चूक झाली. पण त्याच आठवड्याच्या बाजारांत त्यांनीं कोळशाची एक जुनी इस्त्री विकत घेतली. ती आमच्या हातीं देतांना, अंगणांत जाऊन निखारे फुंकावे, म्हणजे राख कपड्यांवर पडत नाहीं, तेवढें सांगितलें.

आई माहेराहून आल्यावर तिनें त्या सदऱ्याची पाठ उसवली आणि मांजरपाटाची नवी पाठ लावली. वडिलांनीं तो कोटाखालीं पुष्कळ वर्षें वापरला. शनिवारीं संध्याकाळीं आम्ही त्यास इस्त्री करीत असूं. मांजरपाटास आंच भरपूर लागते, टेरिकॉटला बेताची. म्हणून निखारे फुललेले असतांना आधीं पाठ घ्यावयाची, मग इस्त्री थोडी निवूं द्यावयाची आणि पुढची बाजू व कॉलर सर्वांत शेवटीं. पुढें घरांत विजेची इस्त्री आली तेव्हां हा क्रम उलटा करावा लागला. पहिल्या दिवशीं वडील दाराशीं येऊन उभे राहिले, आणि कॉलर होईपर्यंत तेथून हालले नाहींत.